ट्रॉली मागे घेताना

ट्रॅक्टर पुढे चालवता येणारी मुले आमच्या उदगीर तालुक्यात गल्लोगल्ली सापडतील. दहावीतला पोरगाही रानातून घरापर्यंत ट्रॅक्टर आणतो आणि घरातली मोठी माणसे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "आमच्या पोराला सगळं येतं." पण त्याच ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडा आणि मोंढ्यात आडतीच्या ओट्याला सरळ मागे लावून दाखव म्हणा. निम्मे तिथेच खाली उतरतील. उरलेल्यांना परवाना विचारला, तर तेही इकडे तिकडे बघू लागतील.

माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भाईजानांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात भाईजानांच्या कमरेचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायला साफ मनाई केली. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर घेतलेला. हंगामात तोंडारच्या साखर कारखान्याकडे ऊस वाहायचा आणि त्यातून हप्ते भरायचे, असा सगळा हिशोब. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार आणि भत्ता जाऊन हाती काही उरत नाही. तेव्हा गाडी भाच्यानेच चालवायची, हे घरात न बोलता ठरून गेले.

भाभींचे म्हणणे होते, पोराला चालवता तर येते, परवान्याचे मागाहून बघू. सगळ्यांची पोरे तशीच चालवतात. मी म्हणाले, परवाना हातात येईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील. भाभी काही बोलल्या नाहीत. या एका बाबतीत आमच्या घरात माझ्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्याचे कारण सांगते.

२०११ च्या डिसेंबरमध्ये माझे मिस्टर इशाच्या नमाजनंतर देगलूर रस्त्याने मोटारसायकलवर घरी येत होते. उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फांदी तोडून टाकलेली नाही. फक्त चाकाखाली एक दगड. उसाची वाढे मागे लोंबत होती, ती अंधाराच्याच रंगाची. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. माझ्या दोन्ही मुली तेव्हा प्राथमिक शाळेत होत्या.

ट्रॅक्टर चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा निघाला. परवान्याचा प्रश्नच नव्हता. विमा कंपनीने हेच धरून ठेवले आणि दावा सहा वर्षे चालला. शेवटी न्यायालयाने आदेश दिला की कंपनीने आधी मला भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावी. मालक म्हणजे कोणी बडा बागायतदार नव्हता. चार एकरांचा शेतकरी. त्यातले दीड एकर त्याला विकावे लागले. त्या पैशांवर माझ्या मुली शिकल्या. त्यांच्या घरातली बाई एकदा माझ्याकडे आली होती. आम्ही दोघी फारसे बोललो नाही. चहा घेऊन ती गेली.

म्हणून ट्रॅक्टरचा परवाना मला पोलिसाला दाखवायचा कागद कधीच वाटत नाही. रस्त्यावर आपल्या मागून येणारा, आपण ज्याला ओळखतही नाही असा जो माणूस असतो, त्याची अमानत त्या कागदात असते. त्याच्या बायकामुलांचीही असते. आणि आपल्या स्वतःच्या दीड एकराचीही.

सप्टेंबरच्या शेवटी भाच्याचा शिकाऊ परवाना काढायचे ठरले. त्याची परीक्षा संगणकावर असते, पंधरा प्रश्न आणि त्यातले नऊ बरोबर यावे लागतात. मग्रीबनंतर मी प्रश्न वाचायची आणि तो उत्तर द्यायचा. चिन्हे त्याला दोन दिवसांत पाठ झाली. अडले ते दुसरीकडेच. अपघात झाला तर चालकाचे पहिले कर्तव्य काय, या प्रश्नावर तो म्हणाला, "फुप्पी, पळून जायचं नसतं, एवढं माहीत आहे. पण लोक मारतात ना." मी त्याला कायद्यात काय आहे ते वाचून दाखवले. जखमीला दवाखान्यात पोहोचवण्याची शक्य ती सगळी व्यवस्था करायची आणि पोलिसांना कळवायचे. जमावाची भीती खरी असेल तर कायद्यालाही ती कळते, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन खबर द्यायची. तो बराच वेळ गप्प बसला. बाकीचे तेरा-चौदा प्रश्न त्या रात्री आम्ही घेतलेच नाहीत.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी निदान तीस दिवस थांबावे लागते. सहा महिन्यांत ती द्यावी लागते. हे तीस दिवस बहुतेक लोक वाट बघण्यात घालवतात. आम्ही ते ट्रॉलीवर घालवले, आणि गंमत अशी की परीक्षेत ट्रॉली नसतेच.

हे मला आधी खरे वाटेना. मी मोटार वाहन कायदा १९८८ मधले दहावे कलम काढून वाचले. परवान्याचे प्रकार त्यात दिलेले आहेत. बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, हलके वाहन, वाहतुकीचे वाहन, रोड रोलर वगैरे. ट्रॉली ओढण्याचा वेगळा प्रकार त्यात नाही. ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या व्याख्येत बसतो, रिकामे वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर. केंद्रीय नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या करतानाच म्हटले आहे की तो अवजारे चालवण्यासाठी किंवा ट्रॉलीतून शेतीचा माल नेण्यासाठी असतो. म्हणजे कायद्याने ट्रॉली गृहीतच धरलेली आहे. ती ओढता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

यावरून न्यायालयातही भांडणे झाली आहेत. दगड भरलेली ट्रॉली जोडली की ट्रॅक्टर मालवाहू वाहन झाला, मग चालकाचा ट्रॅक्टरचा परवाना चालणार नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद एका प्रकरणात होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात तो फेटाळला आणि सांगितले की ट्रॅक्टरचा वैध परवाना ट्रॉली जोडल्यामुळे निकामी होत नाही. आमची तयारी चालू असतानाच, ६ नोव्हेंबर २०२४ ला, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोच्या आतले वाहतुकीचे वाहनही चालवता येईल, असा तो निकाल. भाईजानांनी अंथरुणावर पडल्या पडल्या ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "चला, गरिबाच्या बाजूने झालं." झाले खरे. पण या दोन्ही निकालांचा फायदा ज्याच्याजवळ परवाना आहे त्यालाच. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला यातला एकही निकाल वाचवत नाही.

माझी कॉलेजची एक मैत्रीण लग्न होऊन ब्रिटनमध्ये गेली. तिच्या मिस्टरांचा खाण्याच्या पदार्थांचा स्टॉल आहे, चाकांवरचा, गाडीमागे जोडून न्यायचा. तिकडे १९९७ पासून कारचा परवाना घेणाऱ्यांना जड ट्रेलर ओढायचा तर वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. त्यात ट्रेलर मागे घेऊन आखलेल्या जागेत लावणे, सोडणे आणि पुन्हा जोडणे, हे सगळे करून दाखवावे लागे. तिच्या मिस्टरांनी ती दोनदा दिली. नंतर ट्रक चालकांचा तुटवडा पडला, ट्रकच्या चाचण्यांसाठी परीक्षक कमी पडू लागले, आणि सरकारने १६ डिसेंबर २०२१ पासून ही ट्रेलरची परीक्षाच काढून टाकली. मैत्रीण फोनवर हसत म्हणाली, "आता तुमचं आमचं सारखंच." परीक्षा नसली तरी ट्रॉली तीच असते, हे दोन्हीकडे खरे.

आता ट्रॉली मागे घेण्याविषयी. हे मी स्वतः करत नाही, पण महिनाभर मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे, बस" म्हटले आहे, त्यामुळे थोडे कळते.

पहिले काही दिवस वाया गेले. सोयाबीन निघाले होते, रान मोकळे होते. भाचा मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि दोनचाकी ट्रॉली घेऊन रिव्हर्स टाकायचा. ट्रॉली उजवीकडे न्यायची म्हणून स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचा आणि ट्रॉली डावीकडे पळायची. घाबरून आणखी फिरवायचा. मग ट्रॉलीचा दांडा मागच्या टायरला टेकायचा आणि खेळ खलास. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. डिझेल जळत होते आणि भाईजान खाटेवरून ओरडत होते. बापाने ओरडून शिकवलेले मुलाला कधी येत नाही, असे माझे मत आहे.

मार्ग दाखवला अब्बांनी. अब्बा ऐंशीच्या पुढे आहेत, ट्रॅक्टरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. त्यांच्या काळी आमच्याकडे देवणी बैलांची जोडी होती, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणलेली. त्यांनी भाच्याला अंगणात बसवले आणि काठीने मातीत बैलगाडी काढली. म्हणाले, "बैल मागे सरकवताना जू डावीकडे नेलं की गाडीची पाठ कुठं जाते?" भाचा म्हणाला, "उजवीकडे." अब्बा म्हणाले, "मग तुझ्या ट्रॅक्टरचं हूक म्हणजे जू समज. ते ज्या बाजूला नेशील, त्याच्या उलट बाजूला ट्रॉलीची पाठ जाणार. आणि बैल कधी घाईनं मागे सरतात का? तू पण सरू नको."

संपूर्ण व्हिडिओत नव्हते ते या तीन वाक्यांत होते. त्याला जोडून भाईजानांनी एक युक्ती सांगितली. मागे घेताना स्टिअरिंग वरून धरायचे नाही, खालच्या बाजूने धरायचे. मग हात ज्या बाजूला न्याल, त्याच बाजूला ट्रॉलीची पाठ वळते आणि डोक्यातला गोंधळ संपतो. आणखी एक सांगितले की ट्रॉली तिरकी होऊ लागली की लगेच सोडवायची. थोडी तिरकी असते तोवर ती ऐकते, जास्त झाली की ऐकत नाही. मग भांडायचे नाही, पुढे जाऊन सरळ करून पुन्हा यायचे. पुढे जाण्यात कमीपणा नाही. पोरांना तिथेच कमीपणा वाटतो आणि तिथेच खांब मोडतात.

दोनचाकी जमली, पण ऊस जातो चारचाकीत. चारचाकी ट्रॉलीला दोन सांधे असतात, एक हुकाजवळ आणि दुसरा पुढच्या धुऱ्यावर, जिथे ती सगळी चकती फिरते. उलट्याचे पुन्हा उलटे होते. म्हणजे पाठ शेवटी ट्रॅक्टरच्याच बाजूला जाते, पण मधला दांडा सारखा निसटू बघतो. दोनचाकीची सवय झालेला हात इथे फसतो. आणि दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या, जशा हंगामात सगळे जोडतात, तर मागे घेण्याचा विचारही कोणी शहाणा करत नाही. मागची सोडायची, पुढची लावायची, मग मागचीकडे यायचे. हे भाच्याला भाईजानांनी तीन वेळा बजावून सांगितले.

मागे घेणे ही दिसणारी अडचण. न दिसणाऱ्या आणखी आहेत. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. रानात जागेवर वळायला ते उपयोगी पडतात. पण रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडलीच पाहिजेत, नाहीतर घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो, मागून ट्रॉली येऊन आदळते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे उतारावर तो सगळा ऊस ट्रॅक्टरला ढकलत असतो. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस किती पैसे वाचवतो, ते एकदा मोजायला हवे. वळणावर ट्रॉली आतून कापते, तेव्हा कोपऱ्यावर उभी असलेली सायकल आणि शाळेची पोरे आधी बघायची. ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, तिचा विमाही बघावा लागतो, आणि ट्रॉलीत माणसे बसवून न्यायची नाहीत, लग्नाची नाहीत आणि उरुसाचीही नाहीत.

शेवटच्या वाक्यावर आमच्या मोहल्ल्यात माझ्याशी बरेच जण वाद घालतात. घालू देत.

आपल्या लोकांत आणखी एक गोष्ट मी बघते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर 'माशाअल्लाह' आणि चंद्रतारा पेंटरकडून रंगवून घेतात, झालर लावतात, आणि त्याच फाळक्यावर लाल रिफ्लेक्टरला जागा उरत नाही. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ट्रॉलीचा दोर म्हणजे तो रिफ्लेक्टर, असे मी भाच्याला सांगितले. त्याने रंगवलेले नाव तसेच ठेवले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पट्ट्या चिकटवल्या. चांगले दिसते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी झाली. ट्रॅक्टर मोकळाच न्यायचा होता. निरीक्षकांनी आरसा बघायला लावला, गिअर बदलून दाखवायला लावले, हाताचे इशारे विचारले, अरुंद जागेत मागे घ्यायला लावले. केंद्रीय नियमांच्या पंधराव्या नियमात ही यादीच आहे आणि मागे घेणे त्यात आहे. पण ट्रॉलीशिवाय. भाचा दहा मिनिटांत मोकळा झाला. अल्हम्दुलिल्लाह, पास. बाहेर येऊन म्हणाला, "फुप्पी, एवढंच होतं?" मी म्हणाले, तुझी खरी परीक्षा घरी आहे.

ती भाईजानांनी घेतली, खाट अंगणात आणवून. अटी तीन. एकट्याने ट्रॉली सोडायची आणि एकट्याने जोडायची, पिन घातल्यावर तिची क्लिप लावायची आणि साखळी अडकवायची. दोन पिंपांच्या मधून चारचाकी मागे घेऊन गोठ्यापर्यंत न्यायची. आणि दिव्यांची वायर जोडून अंधारात सगळे लागते का ते दाखवायचे. पहिल्या दिवशी एक पिंप आडवे झाले. भाभींनी ते पुन्हा उभे केले आणि भाईजान म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी पिंप हलले नाही. अब्बांनी काठी आपटली. त्यांची टाळी तशीच असते.

तिसरी अट मी तपासली. रात्री दोन्ही ट्रॉल्या बांधावर उभ्या करून भाच्याला दिवे बंद करायला लावले, आणि भाईजानांची मोटारसायकल घेऊन माझी मुलगी मला मागे बसवून लांबून त्या दिशेने आली. नुसत्या मोटारसायकलच्या उजेडात ट्रॉली कधी दिसते, ते मला बघायचे होते. बऱ्याच लांबून लाल पट्ट्या चमकल्या. मुलीने गाडी हळू केली, थांबवली, आणि आम्ही दोघी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिलो. भाच्याने ट्रॅक्टरवरून हाक मारली, "दिसतं का?" मुलीने ओरडून सांगितले, "दिसतं."

१५ नोव्हेंबरला राज्यातला गाळप हंगाम सुरू झाला आणि किल्ली मी त्याच्या हातात दिली. सोयाबीनचा पैसा २०२४ च्या त्या हंगामात काही धड आला नव्हता, हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या खालीच, त्यामुळे पहिल्या खेपेची घरात सगळ्यांना घाई. तरी तो सवारीची दुआ पढून, पेडलची पट्टी हाताने हलवून बघून, मगच निघाला. रात्री कारखान्यावर रांग होती. फजरच्या वेळी परत आला. चहा पिताना म्हणाला की वाटेत एक ट्रॉली उभी होती, मागे काहीच नाही, ड्रायव्हर मुलगा शेजारी शेकत बसलेला. त्याने आपल्या डब्यातली उरलेली लाल पट्टी काढून तिच्या फाळक्याला चिकटवली होती.

"मग आपली संपली का?" भाभींनी विचारले.

"संपली. आज बाजारात गेलात तर दोन बंडलं आणा."